संगणकावरील आराखडा आणि आपले विद्यार्थी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी वक्ता नव्हे. माझी उभी हयात इमारतींचे आराखडे काढण्यात गेली, आणि त्या व्यवसायात बोलण्यापेक्षा मोजण्याला अधिक मान असतो. परंतु यंदा गौरव होत असलेल्या विद्यार्थ्यांची यादी चिटणीसांनी पुढे ठेवली, आणि तीत स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या मुलांची, तशीच मुलींचीही, नावे मला आढळली. तेव्हा मात्र बोलणे हे माझे कर्तव्यच आहे असे वाटले. या मुलांच्या पालकांपैकी तिघाचौघांनी गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला आहे. ‘मुलाने ऑटोकॅडचा तीन महिन्यांचा वर्ग केला, प्रमाणपत्र मिळवले, म्हणजे त्याला संकल्पन आले असे समजावे काय?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मी उभा आहे. त्या उत्तरात माझी स्वतःची एक चूकही येईल, आणि ती मी आजवर कोणापुढे सांगितलेली नाही.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत सुतारकीच चालत असे. माझे वडीलही सुतारकाम करीत. घराच्या छपराची कैची करावयाची झाली म्हणजे ते कागद हाती घेत नसत. अंगण सारवून घेत, ते वाळले की त्यावर सुतळी ताणीत आणि खडूने कैचीचे पूर्ण मापाचे चित्र काढीत. आढे किती उंच, पाख्याला उतार किती, कोणता सांधा कोठे, हे सारे त्या अंगणात उमटे. मग त्या चित्रावर लाकूड आडवे ठेवून ते खुणा करीत. काटकोन पारखावयाचा तर नुसत्या गुण्यावरही त्यांचा भरवसा नसे. एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार हात मोजावयाचे, आणि त्या दोन टोकांना जोडणारी दोरी बरोबर पाच हात भरली तरच पुढे जावयाचे. शाळेत पुढे जो सिद्धांत मी पाठ केला, तो मी प्रथम त्या अंगणात पाहिला होता.

१९७७ साली मी पदविका घेऊन एका कार्यालयात लागलो, तेव्हा अंगणाची जागा ड्रॉइंग बोर्डाने घेतली. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईची पेने आणि ट्रेसिंगचा कागद हे आमचे भांडवल. शाईची रेघ चुकली तर दाढीच्या पात्याने ती हळूच खरवडून काढावी लागे, आणि जास्त खरवडले तर कागदाला भोक पडे. एका खोलीची रुंदी बदलली म्हणजे दोन दिवसांचे काम वाया जाई. त्या कष्टाचे गोडवे मी गाणार नाही. मान आणि डोळे यांनी त्याची पुरेपूर किंमत मोजली आहे. परंतु एक गोष्ट मात्र त्या कष्टातून आपोआप घडे. रेघ काढण्यापूर्वी माणूस विचार करी.

१९९६ साली आमच्या कार्यालयात संगणक आला. या साधनाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलंड या तरुणाने आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली सिद्ध केली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेषा काढावी, आणि या दोन रेषा समांतर राहू देत, त्या दोन काटकोनात राहू देत, असे यंत्रास सांगावे, की यंत्र त्यांना तसे ठेवी. पुढे १९८२ साली ऑटोडेस्क या कंपनीने ऑटोकॅड बाजारात आणले. ते लहान वैयक्तिक संगणकावर चालत असल्यामुळे जे साधन मोठ्या कारखान्यांपुरते होते ते हळूहळू आमच्यासारख्या सामान्य कार्यालयांपर्यंत पोचले.

पंचेचाळिशीच्या आसपास माणसाची बोटे नवे वळण सहजासहजी घेत नाहीत. वीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून मी ते शिकलो. आणि पहिल्याच आठवड्यात मला एक विलक्षण आनंद झाला. कागदावर आम्हांस सारे लहान करून काढावे लागे. पन्नासास एक, शंभरास एक असे प्रमाण धरून प्रत्येक माप मनात भागावे लागे. संगणकात तसे नाही. तेथे साडेचार मीटरची भिंत साडेचार मीटरचीच काढावयाची, म्हणजे मिलिमीटर हे एकक धरून ४५०० असाच आकडा द्यावयाचा. प्रमाणाचा प्रश्न छापतेवेळी येतो. म्हणजे माझ्या वडिलांचे अंगणच मला परत मिळाले होते! मधली शंभर-दीडशे वर्षे कागद लहान होता म्हणून आपण लहान चित्रे काढीत होतो, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. रेखन आणि संकल्पन या दोन भिन्न गोष्टी आहेत. तुळई कोठे आहे हे दाखविणे हे रेखन. ती तेथे का आहे, तिच्यावर भार किती, ती किती जाड हवी, तिच्यात सळया किती, हे ठरविणे हे संकल्पन. तीन महिन्यांच्या वर्गात रेखनाच्या आज्ञा येतात, आणि त्या अवश्य याव्यात. परंतु संगणकाचा पडदा इतका स्वच्छ, इतका नेटका असतो की चुकीचे रेखनही त्यावर बरोबर दिसते. जुन्या काळी नवशिक्याचा कागद पाहताच त्याचे नवखेपण कळे. आज नवशिक्याचा व अनुभवी अभियंत्याचा छापील कागद सारखाच दिसतो. खरा धोका येथे आहे. आणि याच धोक्याने एकदा मला गाठले.

२००३ सालची गोष्ट. एका लहान दुमजली इमारतीचे काम मजकडे होते. मालकांनी ऐन वेळी एक दालन रुंद करावयास सांगितले. दोन खांबांमधील अंतर ४२०० मिलिमीटर होते, ते ४५०० करावयाचे होते. आमच्याकडे रेखनाचे काम करणारा एक तरुण होता, बावीस-तेवीस वर्षांचा, अतिशय कष्टाळू. त्याने आज्ञांचा वर्ग केला होता, स्थापत्य तो शिकलेला नव्हता. मी त्यास घाईने सांगितले, ‘ते माप बदल आणि संध्याकाळी कागद दे.’ त्याने माप बदलले. म्हणजे काय केले? संगणकात रेषेचे माप यंत्र स्वतः मोजून लिहिते. परंतु त्या आकड्यावर आपणांस हवा तो दुसरा आकडा टंकून बसविण्याची सोय आहे. त्याने रेषा हलविली नाही, केवळ आकडा ४५०० केला. कागदावर सारे ठीक दिसले. मी आकडा पाहिला, आणि सही केली.

पुढे काय झाले ते ऐका. पाया व खांब कागदावरील आकडा वाचून ४५०० वर उभे राहिले. सळयांचा तक्ता करणाऱ्याने मात्र संगणकातील रेषा मोजली, ती ४२०० भरली. तुळईचे गणितही ४२०० वरच झालेले होते. फरक जेमतेम एका फुटाचा. पण समभारित तुळईत वाकविणारा जोर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी सात टक्क्यांनी वाढली तर तो जोर सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतो. हे ज्ञान नसलेल्या माणसास एक फूट म्हणजे एक फूटच वाटतो.

दोष पकडला तो सळया बांधणाऱ्या मिस्त्रीने. सळई दुसऱ्या खांबापर्यंत पोचेना, तेव्हा त्याने टेप लावली, मला बोलावून घेतले आणि विचारले, ‘साहेब, कागद खोटा की टेप खोटी?’ काँक्रीट अद्याप ओतले नव्हते, हे आमचे भाग्य. काम थांबले, गणित पुन्हा झाले, सळया नव्याने कापल्या गेल्या. कोणासही इजा झाली नाही. परंतु नुकसान झाले, मालक रागावले, आणि कार्यालयाने त्या तरुणास त्याच आठवड्यात कामावरून कमी केले.

ज्ञातिबांधवहो, त्या दिवशी मी काही बोललो नाही. सही माझी होती. रेषा हलवावयाची असते, आकडा नव्हे, हे त्यास शिकविण्याचे काम माझे होते. रेषा आणि आकडा एकमेकांशी ताडून पाहण्याचे कामही माझेच होते, आणि त्यास दोन मिनिटेही लागली नसती. शिक्षा मात्र त्यास झाली. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, पण कोणाचा तरी मुलगा होता. पुढे तो कोठे गेला याचा मी शोध केला नाही. तेवढे धैर्य मला झाले नाही. आज या व्यासपीठावरून मी ही गोष्ट सांगतो ती आपल्या मुलांना धाक घालण्यासाठी नव्हे. अर्धवट शिक्षण देऊन मुलास जबाबदारीच्या जागी बसविणे हा मुलाचा अपराध नसून आम्हां वडीलधाऱ्यांचा असतो, हे मला मान्य करावयाचे आहे.

अशा चुका केवळ लहान कार्यालयांतच घडतात असे कोणी समजू नये. नॉर्वेमध्ये उत्तर समुद्रातील खनिज वायूसाठी ‘स्लाइप्नर ए’ नावाच्या फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया बांधण्यात येत होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत त्याची चाचणी चालू असता एका कप्प्याची भिंत फुटली, पाणी आत शिरले, आणि तो अवाढव्य पाया काही मिनिटांतच तळाला गेला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. चौकशीअंती आढळले की संगणकावरील विश्लेषणात भिंतींवर येणारा कर्तन-ताण प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. यंत्राने बेरीज-वजाबाकीत चूक केली नव्हती. माणसाने त्यास इमारतीचे जे रूप दिले तेच ओबडधोबड होते. उत्तर हाती येताच ‘हे एवढेच कसे?’ असा साधा प्रश्न वेळीच विचारला गेला पाहिजे. तो प्रश्न विचारण्याची सवय लावणे म्हणजेच संकल्पनाचे प्राथमिक शिक्षण होय, असे माझे मत आहे.

ही सवय कशी लावावी? मी जे सांगतो त्यास खर्च जवळजवळ नाही.

विद्यार्थ्याने प्रथम टेप घ्यावी आणि आपले राहते घर मोजावे. भिंतींची जाडी, दारांची रुंदी, जिन्याच्या पायरीची उंची व तिचा पाय ठेवण्याचा भाग, सारे वहीत उतरवावे. खोलीचे कर्णही मोजावेत. दोन कर्ण सारखे भरले नाहीत तर खोली काटकोनात नाही, हे त्याला तेथेच कळेल. मग कागदावर पेन्सिलीने नकाशा काढावा. त्यानंतरच संगणक उघडावा आणि तेच घर पूर्ण मापात काढावे. भिंती एका थरावर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर, मापे तिसऱ्यावर. आम्ही एकावर एक ट्रेसिंग कागद ठेवीत असू, तोच हा प्रकार. काम पुरे होताच यंत्राने लिहिलेले प्रत्येक माप वहीतील मापाशी ताडावे. ते जुळले नाही तर आकडा खोडू नये, घराकडे परत जावे.

दुसरी गोष्ट दिशेची. ऑटोकॅडच्या नेहमीच्या मांडणीत शून्य अंश पूर्वेकडे, म्हणजे पडद्याच्या उजव्या बाजूस धरतात, आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात. भूमापनात मात्र दिशाकोन उत्तरेपासून आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजण्याचा प्रघात आहे. मोजणी करून आणलेला ६० अंशांचा दिशाकोन संगणकास द्यावयाचा तर ३० असा द्यावा लागतो. ज्यास हे ठाऊक नाही त्याचा रस्ता दुसऱ्याच्याच शेतात जातो! म्हणून मांडणी तपासल्यावाचून पहिली रेघही काढू नये.

तिसरी गोष्ट वजनाची. आपण ज्या छताखाली बसतो त्याचे वजन किती हे विद्यार्थ्याने हाताने काढून पाहावे. चार मीटर बाय तीन मीटरची खोली घ्या. छताचे काँक्रीट सव्वाशे मिलिमीटर जाड असेल तर ते दीड घनमीटर भरते. सळयांसह काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २५०० किलो धरतात. म्हणजे माणसे व सामान वर येण्यापूर्वीच आपल्या डोक्यावर पावणेचार हजार किलो वजन तोलून धरलेले असते. हा आकडा एकदा मनात बसला म्हणजे पडद्यावरील दोन समांतर रेघा केवळ रेघा राहत नाहीत. त्यापुढे, तुळईची लांबी दुप्पट केली आणि तिचा छेद व दर मीटरवरील भार तोच ठेवला, तर वाकविणारा जोर चौपट होतो आणि तिचा झोळ सोळापट होतो, हे त्याने सूत्रावरून ताडून पाहावे. संगणकाचे उत्तर बरोबर की चूक, हे ओळखण्यास एवढी जाण पुष्कळ उपयोगी पडते.

चौथी गोष्ट पाण्याची. आपल्या गल्लीतील पावसाळी गटार घ्यावे. तीस मीटर लांबीत शंभरास एक असा उतार द्यावयाचा तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते तीनशे मिलिमीटर खाली गेले पाहिजे. गटाराचा लांबीचा छेद काढताना उभे प्रमाण आडव्या प्रमाणाच्या दहापट मोठे घेण्याची पद्धत आहे, नाहीतर उतार दिसतच नाही. त्यामुळे कागदावर तो डोंगराच्या कड्यासारखा भासतो, आणि प्रत्यक्षात डोळ्यास जाणवतही नाही. विद्यार्थ्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन तो उतार जागेवर मोजावा. पाणी कागदाचे ऐकत नाही, जमिनीचे ऐकते.

शेवटची गोष्ट छापील कागदाची. पन्नासास एक या प्रमाणात ४५०० मिलिमीटरची भिंत कागदावर ९० मिलिमीटर येते. पण ए-१ आकाराचा कागद काटकसरीसाठी ए-३ वर छापला, की सारे चित्र निम्मे होते आणि खाली लिहिलेले प्रमाण खोटे ठरते. म्हणूनच ‘लिहिलेले माप प्रमाण मानावे, कागदावर पट्टी लावून मोजू नये’ अशी सूचना प्रत्येक आराखड्यावर असते. आता लक्षात येईल की माझ्या कथेतील चूक किती घातक होती. बांधणाऱ्याने शिस्त पाळून आकड्यावर विश्वास ठेवला, आणि आम्ही त्या विश्वासास पात्र राहिलो नाही. आपला छापील कागद विद्यार्थ्याने एखाद्या गवंड्यास किंवा मिस्त्रीस दाखवावा आणि तो काय वाचतो ते मुकाट्याने ऐकावे. जेथे त्यास प्रश्न पडेल तेथे आपला आराखडा अपुरा आहे असे समजावे.

पालकांसाठी दोन शब्द. आज्ञावलीची चोरून उतरवलेली प्रत मुलास आणून देऊ नका. शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना विनामूल्य परवाना मिळतो, आणि लिब्रेकॅडसारखी सर्वांना मोफत असलेली आज्ञावलीही प्राथमिक रेखनास पुरी पडते. ज्याने उद्या खऱ्या मापावर सही करावयाची, त्याचा पहिला धडा खोटेपणाचा असू नये. आणि मुलीने बांधकामावर जाऊ नये, तिने पडद्यापुढेच बसावे, असे म्हणणारी माणसे आपल्यात अद्याप आहेत. जी जागेवर गेली नाही तिला संकल्पन कधीच येणार नाही. तिला टेप द्या आणि जाऊ द्या.

अध्यक्षमहाराज, माझी एक विनंती आहे. मंडळाच्या या सभागृहात रविवारी सकाळी दोन तास एक वर्ग चालू करावा. शिकविण्याचे काम मी विनामोबदला करीन. आपल्या घरांतून जुने पण चालू स्थितीतील तीन-चार संगणक मिळाले तर पुरेत. त्याखेरीज चार टेपा, एक ओळंबा, एक गुण्या आणि पाण्याची एक नळी. पहिले तीन रविवार संगणक सुरू करावयाचा नाही, एवढी एकच माझी अट आहे. आणि शेजारपाजारचा एखादा आज्ञांचा वर्ग केलेला, पण पुढे कोणी न शिकविलेला मुलगा आला, तर त्याची ज्ञात न विचारता त्यास आत घ्यावे, अशी माझी कळकळीची प्रार्थना आहे. ते ऋण माझ्यावर आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या आजोबांनी अंगणात खडूने जे काढले त्याच्याखाली त्यांनी सही केली नव्हती. पण ते छप्पर ज्यांच्या डोक्यावर चढले ती माणसे रात्री निर्धास्त झोपली. तुमच्या हाती त्याहून कितीतरी समर्थ साधन आले आहे. ते मन लावून शिका, आणि त्यावरील प्रत्येक आकड्याखाली रेषा खरी आहे ना, हे पाहूनच कागद हातावेगळा करा.

 गौरव झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी आपली रजा घेतो.